कॅन्सरचे डॉक्टर बीपी-शुगरही बघतात, पण कुठपर्यंत? किमो सुरू असताना कोणतं दुखणं कुठे दाखवायचं

किमोसाठी मुंबईला, नागपूरला किंवा बार्शीला जाणाऱ्या पेशंटच्या पिशवीत फाईलबरोबर बऱ्याचदा एक चिठ्ठीही असते. घरच्यांनी लिहून दिलेली. गुडघे दुखतात, रात्री खोकला येतो, बीपीची गोळी संपली, कान वाहतो, पायाला भेग पडलीय, झोप लागत नाही. तीन आठवड्यांत झालेलं सगळं साठवून ठेवायचं आणि ‘मोठ्या डॉक्टरां’समोर एकदम मांडायचं, अशी ही पद्धत. गावच्या डॉक्टरकडे जावं तर ते म्हणतात, “तुमची कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, मी हात लावत नाही, तिकडेच विचारा.” आणि तिकडे ओपीडीत गर्दी एवढी, की चिठ्ठीतल्या दोन ओळी वाचून होईतो पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं.

त्यामुळे कॅन्सरचा किंवा रक्ताचा डॉक्टर हाच कित्येकांचा फॅमिली डॉक्टर होऊन बसलाय. हे फक्त आपल्याकडचं नाही. वर्षानुवर्षं एकाच तज्ज्ञाकडे जाणारा पेशंट सगळीकडेच त्याला सर्दी-पडशापासून सगळं विचारतो. काही दुखण्यांत ते बरोबरच आहे, किंबहुना तसंच करायला हवं. काही दुखण्यांत मात्र मुंबईच्या तारखेची वाट बघणं जिवावर बेतू शकतं. आणि काही वेळा उलटं होतं: गावात घेतलेली साधी गोळी किमोच्या औषधाशी भांडते. फरक कळला तर फेरा वाचतो, पैसा वाचतो, कधी कधी माणूसही वाचतो.

कॅन्सरचा डॉक्टर म्हणजे नेमका कोण?

एकाच हॉस्पिटलात तीन-चार प्रकारचे डॉक्टर भेटतात आणि पेशंटला सगळे सारखेच वाटतात. ऑपरेशन करणारे ते सर्जिकल ऑन्कोलॉजिस्ट. शेक देणारे, म्हणजे रेडिएशनवाले, ते रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट. किमो, गोळ्या आणि सलाईनमधून औषध देणारे मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट. रक्ताचा कॅन्सर, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, प्लेटलेट कमी होणं हे बघणारे हेमॅटोलॉजिस्ट.

यातले मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट आणि हेमॅटोलॉजिस्ट साधारणपणे आधी एमडी मेडिसिन किंवा बालरोगाचं एमडी करतात आणि मग पुढची तीन वर्षं डीएम करतात. म्हणजे बीपी, शुगर, दमा, न्यूमोनिया यांवर इलाज करणं त्यांनी आधीच शिकलेलं असतं. त्यांनी फाईलवर बीपीची गोळी बदलून लिहिली तर ‘हा कॅन्सरवाला, याला काय कळतंय’ असं म्हणायचं कारण नाही. सर्जनकडे मात्र शुगरचं इन्शुलिन ठरवून मागू नये. ते स्वतःच फिजिशियनकडे पाठवतील.

आणखी एक गोंधळ गावात हमखास होतो. रक्त तपासणाऱ्या लॅबचा डॉक्टर म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. तोही ‘रक्ताचा डॉक्टर’, पण तो रिपोर्ट देतो, इलाज करत नाही. रिपोर्टवर लाल खूण दिसली म्हणून लॅबमधूनच औषध विचारून घेणं बरोबर नाही.

किमो सुरू असताना ताप आला तर

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणून जरा सविस्तर.

किमोमुळे कॅन्सरच्या पेशी मरतात, तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. बऱ्याच औषधांत डोस घेतल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत त्या सगळ्यात खाली जातात. नेमका याच वेळी पेशंट घरी असतो, मोठ्या हॉस्पिटलपासून दोनशे-चारशे किलोमीटर लांब. पांढऱ्या पेशी नसल्या की जंतूंशी लढायला अंगात कोणी नसतं. साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तात पसरलेलं इन्फेक्शन होऊ शकतो. पू होत नाही, सूज येत नाही, कारण पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशीच लागतात. दिसतो तो फक्त ताप. कधी तापही येत नाही. नुसती थंडी वाजते, नाहीतर पेशंट गळून जातो आणि भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो.

आकडा लक्षात ठेवायचा तो 100.4 फॅरेनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस. किमो चालू असलेल्या पेशंटचा ताप इथे पोचला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. मुंबईला नव्हे, जिथे शिरेतून अँटिबायोटिक देता येईल आणि सीबीसी होईल अशा जवळच्या हॉस्पिटलात. उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा भरती करून घेणारं चांगलं खासगी हॉस्पिटल. 108 ची गाडी यासाठी बोलावता येते. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: “किमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला, ताप आहे.” जगभरच्या डॉक्टरांचा आग्रह असा, की पोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. मुंबईच्या डॉक्टरांना फोन जरूर करावा, पण रस्त्यात असताना. फोन लागेपर्यंत घरी थांबू नये.

पॅरासिटामॉलबद्दल गैरसमज नको. ते विष नाही. पण ताप मोजायच्या आधी घेतलं की ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. म्हणून किमोच्या पेशंटच्या घरात थर्मामीटर हवाच. हात लावून ‘अंग गरम लागतंय’ एवढ्यावर हा निर्णय होत नाही.

गावातली कमरेत इंजेक्शन द्यायची सवय इथे घातक आहे. किमोमुळे प्लेटलेटही कमी होतात. प्लेटलेट कमी असताना मांसात सुई टोचली की आत रक्त साकळतं आणि पांढऱ्या पेशी नसल्या तर तिथे गळूही होतं. ‘एक सुई मारा डॉक्टर, तापावर’ हा आग्रह पेशंटच्या घरच्यांनीच सोडायला हवा. डॉक्टर बिचारा बऱ्याचदा नको म्हणत असतो.

दुखतंय म्हणून घेतलेली गोळी

डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड. टपरीवजा मेडिकलमध्ये ‘अंगदुखीची द्या’ म्हटलं की यातलं एखादं हातात पडतं. किमोच्या पेशंटला यातलं काहीच आपल्या मनाने घ्यायचं नाही. या गोळ्या किडनीवर ताण आणतात, पोटात जखम करतात आणि प्लेटलेटचं काम बिघडवतात. सिसप्लॅटिनसारखं औषध चालू असेल तर किडनीवर आधीच भार असतो. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर पाठ सतत दुखते, त्यामुळे पेशंट महिनोन्‌महिने दुखण्याच्या गोळ्या खातो, आणि किडनी मात्र आजाराच्या आणि गोळ्यांच्या अशा दोन्ही बाजूंनी मार खाते.

खूप दुखत असेल तर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. त्या कॅन्सरच्या दुखण्यासाठीच असतात आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतल्या तर ‘व्यसन लागेल’ या भीतीने टाळायचं कारण नाही. बद्धकोष्ठता मात्र होते, तिचं औषध बरोबर मागून घ्यावं.

नायटा-गजकर्ण हा दुसरा सापळा. नायट्यावर इट्राकोनॅझोल नावाच्या कॅप्सूल हल्ली सर्रास दिल्या जातात. ल्युकेमिया आणि लिम्फोमात विंक्रिस्टीन नावाचं इंजेक्शन असतं. ही दोन एकत्र आली की विंक्रिस्टीन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि नसांवर उलटतं: हातापायाला मुंग्या, पायातली ताकद जाणं, आतडं बंद पडल्यासारखं पोट फुगणं. नायट्याची कॅप्सूल घेतली आणि चालता येईना, असं कानावर आलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण हे डॉक्टरी पुस्तकात लिहिलेलं आहे. किमो चालू असेल तर नायट्यावर लावायचं मलमच मागावं आणि कॅप्सूलबद्दल कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं.

टीबीचंही तसंच. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन हे इमॅटिनिबसारख्या औषधाची रक्तातली पातळी खाली आणतं. म्हणजे पेशंट रोज गोळी घेतो, पण ती पुरी पडत नाही. टीबीचा इलाज थांबवायचा नसतो, इमॅटिनिबही नाही. दोन्ही डॉक्टरांनी बोलून डोस किंवा औषध बदलायचं असतं. त्यासाठी दोघांना एकमेकांच्या गोळ्या माहीत हव्यात, आणि माहिती पोचवणारा माणूस बहुतेक वेळा पेशंटच असतो.

काढे, गुळवेल, ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणारी पावडर हेही औषधच समजून सांगावं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलं की लिव्हरचा रिपोर्ट का बिघडला हे कोणालाच कळत नाही आणि किमो उगाच पुढे ढकलली जाते.

शुगर आणि बीपी: हे कोणी बघायचं?

इथे दोन्हीकडच्या डॉक्टरांचं काम आहे आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

किमोबरोबर स्टेरॉइड बऱ्याचदा असतं. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात. लिम्फोमाच्या एका नेहमीच्या किमोत दर एकवीस दिवसांनी पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या असतात. मायलोमात आठवड्यातून एक दिवस डेक्सामेथासोन असतं. या दिवसांत शुगर उसळी मारते. कधी नव्हे ती तीनशे-चारशेच्या घरात जाते. ज्यांना आधी शुगर नव्हती त्यांनाही होऊ शकते. मग स्टेरॉइड संपतं, तोंडाची चव गेलेली असते, जेवण जात नाही, उलट्या होतात, आणि पेशंट नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन तेवढंच घेत राहतो. आता शुगर एकदम खाली येते. घाम, थरथर, बेशुद्धी. घरच्यांना वाटतं किमोचा अशक्तपणा आहे. खरं म्हणजे तोंडात साखर घालायची वेळ असते.

म्हणून किमोच्या पहिल्याच भेटीत विचारून घ्यायचं: “स्टेरॉइडच्या दिवसांत शुगरचं औषध किती आणि नंतर किती?” हे दोन डोस कॅन्सरच्या डॉक्टरांनी किंवा त्यांच्याकडच्या फिजिशियननी लिहून द्यायचे. रोजची शुगर तपासणं, गोळ्या आणणं, बीपी मोजणं हे गावात होऊ शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात. आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

शुगरमुळे फेरा फुकट जातो तो पेट स्कॅनच्या वेळी. या स्कॅनमध्ये साखरेसारखा पदार्थ शिरेतून देतात. रक्तात आधीच साखर जास्त असली तर चित्र नीट येत नाही. सहसा 200 च्या वर शुगर असली की स्कॅन पुढे ढकलतात. रात्रभर गाडीत बसून गेलेला पेशंट सकाळी उपाशीपोटी रांगेत उभा राहतो आणि दुपारी नवी तारीख घेऊन परत निघतो. आठवडाभर आधी गावातच शुगर तपासून ताब्यात आणली असती तर हे टळलं असतं.

बीपीचं उलट-सुलट चालतं. गाठीची रक्तवाहिनी तोडणारी काही नवी औषधं बीपी वाढवतात; बेव्हासिझुमॅब, सुनिटिनिब ही त्यातली नावं. ती चालू असताना घरी किंवा उपकेंद्रात बीपी मोजून वहीत लिहावं आणि वही कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावी. दुसरीकडे किमोने जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं, आणि पेशंट सवयीने बीपीची गोळी घेतोय, तर बीपी पडतं आणि किडनी बिघडते. अशा दिवशी गोळी घ्यायची की नाही हे तालुक्याचा एमबीबीएस डॉक्टरही सांगू शकतो. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, फक्त बीपी मोजावं लागतं.

एक मात्र सांगून ठेवलेलं बरं. डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते औषधाचा रंग असतो, रक्त नसतं. याच औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून इको काढतात. पुढे कित्येक वर्षांनी दम लागायला लागला, पाय सुजले, तर हृदयाच्या डॉक्टरांना ‘मला लाल किमो झाली होती’ हे सांगायचं असतं. दहा वर्षांनी फाईल कुठे ठेवलीय हे घरात कोणाला आठवत नाही.

तोंडाचा कॅन्सर आणि दातांचं दुखणं

महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे तोंडाचे कॅन्सर भरपूर. यांतल्या अनेकांना जबड्यावर शेक बसतो. शेकाच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवणं हा इलाजाचाच भाग आहे. हलणारे, किडलेले दात आधीच काढून घेतात आणि जखम भरायला दोनेक आठवडे देतात.

शेक झाल्यानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो आयुष्यभर कमीच राहतो. पाच वर्षांनी दात दुखला म्हणून बाजाराच्या दिवशी जाऊन दात उपटून आणला, तर ती जागा भरत नाही, हाड उघडं पडतं, सडतं. दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडायच्या आधी सांगायचं: इथे शेक झालाय. मग ते दात काढण्याऐवजी रूट कॅनालचा विचार करतील, किंवा कॅन्सर हॉस्पिटलच्या दंतविभागाकडे पाठवतील. हाडं मजबूत करायचं झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मानेवर शेक झालेल्यांचा थायरॉइड नंतर मंदावतो. थकवा, अंगावर सूज, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं हे सगळं ‘कॅन्सरचा अशक्तपणा’ म्हणून सोडून दिलं जातं. टीएसएच नावाची रक्ताची साधी तपासणी सहा महिने ते वर्षाने करायची असते. ती तालुक्यातल्या लॅबमध्ये होते आणि गोळीही तालुक्यात मिळते.

स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी पाच-दहा वर्षं घेणाऱ्या बायकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एकाच पायाला सूज आणि दुखणं आलं तर त्या दिवशीच दाखवायचं, शिरेत गुठळी असू शकते. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. लाजेने किंवा पुढच्या फॉलोअपला सांगू म्हणून हे दाबून ठेवलं जातं.

रक्ताच्या आजारात मात्र तज्ज्ञ हाच घरचा डॉक्टर

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा पूर्वी काही वर्षांत जीव घेणारा आजार होता. 2001 मध्ये इमॅटिनिबची गोळी बाजारात आली आणि चित्र पालटलं. तिच्या पेटंटचा खटला भारतात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1 एप्रिल 2013 ला कोर्टाने कंपनीची मागणी फेटाळली आणि देशी कंपन्यांची स्वस्त गोळी चालू राहिली. आज हे पेशंट शेती करतात, दुकान चालवतात, वर्षानुवर्षं ठरावीक महिन्यांनी तपासणीला जातात. त्यांना कॅन्सर आहे हे शेजाऱ्यालाही माहीत नसतं. हेमॅटोलॉजिस्टशी इतक्या वर्षांची ओळख झाल्यावर मुलीच्या लग्नापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं तिथे बोललं जातं, यात नवल नाही. पण डोळ्याचा मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट हे तिथे सुटणारं नाही. ‘दर वेळी रक्त तपासतात, मग बाकी सगळंही तपासलं असणार’ हा समज चुकीचा आहे. सीएमएलची तपासणी सीएमएलचीच असते.

सिकलसेलचं गणित आणखी वेगळं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात पेशंट पुष्कळ आणि हेमॅटोलॉजिस्ट शहरात. इथे तज्ज्ञाने घरचा डॉक्टर होण्याऐवजी पीएचसीच्या डॉक्टरलाच तज्ज्ञाचं काम शिकावं लागतं. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरलीय. कार्डावर एएस असेल तर तो वाहक; त्याला रोजचा इलाज लागत नाही, फक्त लग्न ठरवताना समोरच्याचंही कार्ड बघायचं. एसएस असेल तर तो पेशंट. त्याला फॉलिक अॅसिड आणि डॉक्टरांनी सुरू केलं असेल तर हायड्रॉक्सियुरिया रोज. दिवसभर भरपूर पाणी. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, बाळाचं पोट डाव्या बाजूला फुगून ते पांढरं पडलं, एका बाजूची ताकद गेली, तर लगेच दवाखाना. लहान मुलांना न्यूमोकोकलची लस चुकवू नये.

लोहाच्या गोळ्यांबद्दल एक इशारा. अंगणवाडीतून आणि शाळेतून मिळणाऱ्या गोळ्या बहुतेक मुलांसाठी चांगल्याच आहेत. पण थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढतं आणि त्या रक्तातलं लोह हृदयात-लिव्हरमध्ये साचतं. ते बाहेर काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. त्याला वरून लोहाची गोळी म्हणजे घर गळत असताना पाण्याची टाकी उघडणं. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या मुलांनाही ती विचारल्याशिवाय देऊ नये. पालकांनी हे बाईंना आणि आशाताईंना लेखी सांगावं.

हिमोफिलियाच्या मुलाला मांसात इंजेक्शन नाही, अॅस्पिरिन नाही. लस द्यायचीच असते, पण बारीक सुईने, आणि नंतर पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं.

लसींचं काय?

किमो चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी द्यायच्या नसतात: गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडातून द्यायचा पोलिओ. पल्स पोलिओच्या रविवारी दारात आलेल्या ताईंना सांगावं की घरात ल्युकेमियाचं मूल आहे. त्याला डोस नको, आणि त्याच्या भावंडांसाठीही इंजेक्शनच्या पोलिओबद्दल डॉक्टरांना विचारायचं. फ्लूचं इंजेक्शन मात्र मेलेल्या विषाणूचं असतं, ते घेता येतं. कधी घ्यायचं ते कॅन्सरचे डॉक्टर सांगतील.

रिटुक्सिमॅब हे औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी करतात. जुना दबलेला विषाणू या औषधाने पुन्हा उठतो, कधी इलाज संपल्यानंतर काही महिन्यांनी. त्यासाठी दिलेली गोळी ‘कावीळ नाही तर कशाला’ म्हणून बंद करू नये.

जिथे कॅन्सरच्या डॉक्टरची वाट बघायचीच नाही

कुत्रं चावलं, साप चावला, विंचू डसला, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं. यातल्या कशालाही ‘आधी मुंबईला विचारतो’ लागू नाही. रेबीजची लस मेलेल्या विषाणूची आहे, किमोतही घ्यायचीच. उलट किमोच्या पेशंटला लसीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून लहान ओरखड्यालाही लसीबरोबर जखमेत द्यायचं सिरम लागतं. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि ग्रामीण रुग्णालयात ‘किमो चालू आहे’ हे सांगायचं.

गावच्या डॉक्टरला हात लावायला भीती का वाटते?

त्याच्याकडे माहितीच नसते. पेशंट म्हणतो “किमो घेतोय”, पण कोणती, कधी, रिपोर्ट काय, काहीच हातात नाही. फाईल घरी, नाहीतर मुंबईच्या नातेवाइकाकडे. मग तो जबाबदारी टाळतो आणि त्यात त्याला पूर्ण दोष देता येत नाही.

यावर उपाय एका कागदाचा आहे. सुट्टी होताना कॅन्सरच्या डॉक्टरांकडून, किंवा त्यांच्याकडच्या ज्युनियर डॉक्टरांकडून, गावच्या डॉक्टरच्या नावाने छोटं पत्र मागायचं. त्यात आजाराचं नाव, चालू औषधांची नावं, शेवटच्या आणि पुढच्या डोसाची तारीख, कोणती औषधं द्यायची नाहीत, ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक सुरू करायचं, आणि फोन कुठे करायचा एवढं असावं. बहुतेक डॉक्टर मागितलं तर देतात. मागत कोणी नाही. या पत्राचा, शेवटच्या सीबीसीचा आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नयेत, नाव वाचायला तीच उपयोगी पडतात.

पैशांची बाजूही आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतो आणि त्यात किमो, शेक, ऑपरेशन येतं. पण बीपीची गोळी, शुगरच्या पट्ट्या, खोकल्याचं औषध अशा ओपीडीच्या किरकोळ गोष्टी पॅकेजमध्ये बसत नाहीत. त्या शहरातल्या मेडिकलमधून घेतल्या की खिशातून जातात. म्हणून रोजच्या गोळ्या पीएचसीतून, कॅन्सरचा इलाज योजनेतून, ही वाटणी सोयीची.

केंद्राच्या 2025-26 च्या बजेटमध्ये पुढच्या तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं करायची घोषणा झाली. राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांत किमो आधीपासून देतात. योजना मोठ्या हॉस्पिटलात ठरते, पुढचे डोस जिल्ह्यात. आपल्या जिल्ह्यात ही सोय आहे का, हे जिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजार कक्षात विचारता येतं. जिल्ह्यात किमो घेणाऱ्याला ताप आला तर त्याची फाईल तिथेच असते, हा त्याचा मोठा फायदा.

जावंच लागलं तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत आहे: स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, बरोबरच्या एका माणसाला 75 टक्के सूट. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तो इलाजासाठी किंवा तपासणीसाठी जाण्या-येण्यालाच चालतो. एसटीतही सवलत आहे. दाखला कोणता लागतो ते आगारात विचारून घ्यावं. बारीकसारीक शंकांसाठी ई-संजीवनीवर मोबाईलवरून डॉक्टरांशी बोलता येतं. ज्यांना ते जमत नाही त्यांना उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी लावून देतात, जाताना फाईल तेवढी बरोबर न्यावी.